साडेचार इंच

दाजी पेठेत आमच्या आणि हत्तुरेंच्या मध्ये
एक भिंत आहे, नऊ इंची.
साडेचार इंच वंगारींची, साडेचार हत्तुरेंची,
असं पाच रुपयांच्या स्टँपवर लिहिलंय.
खाली माझ्या बापाची सही, तेलुगूत,
आणि त्यांच्या अण्णांचा डावा अंगठा.
‘सामाईक’मधला मा इतका पसरट
की दोन्ही घरांत एकदम बसावा.

खोदायचं नाही. खुंटी चालेल.
तुळई टेकवायची तर आधी विचारायचं.
पडली तर खर्च निम्मा-निम्मा.
पाण्याचं काही लिहिलेलं नाही.
पाणी पाच दिवसांनी येतं, रात्री, वेळ न सांगता,
ज्याला आधी जाग येईल त्यानं भिंतीवर तीनदा ठोकायचं.

वैशाखात आम्ही लग्नाला भिवंडीला.
परतून कारखान्याचं दार उघडलं
तर मागाच्या वर, डोक्याच्या उंचीला,
चादरीतून सुई निघावी तशी
भिंतीतून सळई निघालेली. टॉवेलांवर विटकरी भुगा.
रेवणसिद्धनं मजला चढवला होता.
मी गेलो. तो म्हणाला,
‘तुम्ही नव्हता. गवंडी आला होता.’

छन्नी उचललीच होती मी.
मणियार वकीलबाई म्हणाल्या, ठेवा खाली.
तोडलीत तर उद्या आरोपी तुम्ही.
फोटो काढा, तारीख दिसू द्या, नोटीस देऊ.
आणि नुकसान किती झालं? आकड्यात सांगा.
मी विचार केला.
आकडा सापडला नाही.

चार पावलांवरच्या दाराला
रजिस्टर पोस्टानं पत्र गेलं, सहा दिवसांनी पोचलं.
पायरीवर बसून तो वाचत होता,
पायरीवर बसून मी वाचताना पाहत होतो.
मग त्यांच्याकडची शेंगाचटणी बंद.
आमची अंबाडीची पचडी बंद.
एका रात्री पाणी येऊन गेलं,
भिंत गप्प राहिली.
सकाळी बायकोनं रिकाम्या घागरी
माझ्यासमोर एकेक करून उलट्या केल्या.

कोर्टानं पाठवलेला माणूस बारीक होता, घाम पुसत आला.
ओळंबा सोडला, टेप लावला.
तुळई सव्वासात इंच आत.
म्हणजे माझ्यातले पावणेतीन त्यानं खाल्ले.
लिहा, म्हणालो मी, लिहा.
मग त्यानं माझ्या बाजूचं कॅलेंडर सहज उचललं.
मागे कोनाडा, स्टार्टरच्या स्विचसाठी.
टेप आत गेला. सहा इंच.
‘हा कधीचा?’
माहीत नाही, म्हणालो.

माहीत होतं.
एक्क्याऐंशी साल, बाप खोदत होता
आणि सात वर्षांचा मी
कंदील धरून उभा होतो, हात दुखेपर्यंत.

दारात रेवणसिद्ध. पान थुंकून आला होता.
‘त्या रात्री आमच्या फडताळात विटेचा तुकडा पडला,’ म्हणाला,
‘तिळाच्या डब्यात.
आई ओरडली. अण्णा म्हणाले,
नव्या मागाला जागा लागते, राहू दे.
फडताळ दुसऱ्या भिंतीला नेलं.’
कोर्टाच्या माणसानं विचारलं, हेही लिहू का?
दोघंही बोललो नाही.
त्यानं लिहिलं.

सळई कापली. तुळईखाली त्यानं
स्वतःच्या हद्दीत खांब उभा केला.
कोनाडा मी बुजवला, स्विच लाकडी फळीवर आला.
पाचशेच्या स्टँपवर नवा करारनामा झाला.
आणखी काही अट? वकीलबाईंनी विचारलं.
रेवणसिद्ध म्हणाला, पाण्याचं टाका.
बाई हसल्या. टोपण लावलं.

काल रात्री अडीचला
ठक. ठक. ठक.
नव्या प्लास्टरमुळे आवाज जरा जाड.
मी उठलो, घागरी लावल्या, बायकोला हलवलं,
अर्धी टाकी भरल्यावर आठवलं,
ऐकलं म्हणून
उलट ठोकायचं असतं.